नानांची दुसरी साक्ष

देवरे नानांशी माझं कधी पटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

मी इंग्रजी शिकवते. राहायला जळगावात, मेहरूणला. रोज सकाळी बस धरून फैजपूरच्या पलीकडच्या एका गावात, तिथल्या हायस्कूलला जाते. गावाच्या चारी बाजूंना केळीच्या बागा, इतक्या की शाळेच्या मैदानात उभं राहिलं तर गाव दिसत नाही, नुसती पानं दिसतात. या शाळेत नाना ग्रंथपाल होते. हजेरीपत्रकावर श्री. देवरे, पण शिपायापासून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणायचे. मूळचे धुळ्याकडचे, ज्वारी-बाजरीच्या मुलखातले. तरुणपणी नोकरीला म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. एरवी मराठी मोठ्या ऐटीत, पुस्तकातली बोलायचे. पण राग आला किंवा आनंद झाला की अहिराणी सुरू. त्यामुळे आज नानांचं काय चाललंय ते स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या आवाजावरूनच कळायचं.

आमचं पहिलं भांडण मी नोकरीला लागले त्याच आठवड्यातलं. ऑफ तास होता म्हणून ग्रंथालयात शिरले. दारातच नाना.

"काय हवंय मॅडम?"

"काही नाही हो. असंच बघते जरा."

"असंच बघायला बाजार शे ना. बुधवारी भरतो. आठे प्रश्न घेऊन यायचं."

आठे म्हणजे इथं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम प्रश्न घेऊन गेले: जॅकफ्रूट हा शब्द इंग्रजीत कुठून आला, सांगा. म्हटलं, बसा आता शोधत. तर हा माणूस खरंच बसला. आणि मी दहावीच्या वर्गावर कर्तरी-कर्मणी शिकवत असताना दारात येऊन उभा राहिला आणि भर वर्गात म्हणाला, "मल्याळममधून पोर्तुगीजांनी उचलला, तिथून इंग्रजांनी. दोन कोशांत पाहिलं." पोरं फिदीफिदी हसायला लागली. हे आमचं दुसरं भांडण.

अंगात पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं आणि खांद्यावर कायम एक पंचा. हा पंचा म्हणजे ग्रंथालयाचं खरं प्रवेशपत्र. आमची बरीच पोरं सकाळी बागेत हात लावून मग शाळेत येतात, आणि केळीचा चीक एकदा कशाला लागला की तो डाग जन्माचा. त्यामुळे ग्रंथालयाच्या दाराशी बादली, साबण आणि नाना. "हात दाखव" म्हणायचे. पोरानं दोन्ही हात पुढे करायचे, नाना उलटेसुलटे करून बघणार, धुवायला लावणार आणि मग स्वतः पंच्यानं पुसून देणार. पाचवीचं पोर असो नाही तर मिशी फुटलेलं दहावीचं, नाना हात पुसणारच. मोठी पोरं लाजायची, पण पुसून घ्यायची.

मग संस्थेनं ऑनलाइन डेटाबेस घेतला. ज्ञानकोश, शब्दकोश, निरनिराळ्या मासिकांतले अभ्यासकांचे लेख, असं सगळं एका पासवर्डच्या आत. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात तीन संगणक आले. आम्हाला वाटलं, आता नाना फुरंगटून बसणार. निवृत्तीला आलेला माणूस, आयुष्य कपाटांच्या किल्ल्या सांभाळण्यात गेलेलं. जळगावला प्रशिक्षण होतं, त्याला नाना आणि भाषांतराला मी, असे दोघे गेलो. शिकवणारा मुलगा चुणचुणीत होता. एका क्लिकवर हजारो लेख कसे येतात ते त्यानं दाखवलं. सगळे माना डोलावत होते. नानांनी हात वर केला.

"हजारो नको. एक दाखव. तो लिहिणारा कोण, ते कुठं दिसतं?"

मुलानं दाखवलं. लेखकाचं नाव, तो कुठल्या विद्यापीठात आहे, लेख कधी लिहिला, आणि खाली लांबलचक यादी, कोणती माहिती कुणाकडून घेतली त्याची. प्रशिक्षण दुपारी संपलं आणि शाळेत हजर व्हायचं होतं, म्हणून दोघे बसनं परत निघालो. सावदा आल्यावर नाना एकदम माझ्याकडे वळले.

"बठ्ठं, सगळंच लिखेल शे, मॅडम. नाव, गाव, कोणाकडथून ऐकलं ते. हे तर सोयरिकीच्या चौकशीसारखंच शे."

इथं नानांच्या पुतणीची गोष्ट सांगायला हवी. तिच्यासाठी शिरपूरकडचा एक मुलगा सांगून आला होता. तिघांनी त्याची तोंड भरून स्तुती केली. घरातले होकार द्यायला निघाले, पण नानांनी त्या तिघांचीच चौकशी केली. एक मुलाचा मामा, दुसरा मामाचा साडू, तिसरा साडूचा भागीदार. नाना म्हणाले, "ही तीन माणसं नाहीत, हे एकच माणूस तीन तोंडांनी बोलतंय." मग त्यांनी त्या गावात असं घर शोधलं, ज्याचं मुलाच्या घराशी बांधावरून वाकडं होतं. त्या घरातला म्हातारा कुरकुरत म्हणाला, "बाप वाईट आहे, पण पोरगा सोन्यासारखा आहे." नानांनी तिथूनच फोन करून होकार कळवला. पुतणी आज सुखात आहे. तेव्हापासून नानांचा नियम ठरला: एका घरातल्या कितीही जणांनी सांगितलं तरी साक्ष एकच. दुसरी साक्ष दुसऱ्या घरची पाहिजे. आणि ज्याचं पटत नाही त्याची मिळाली तर ती सगळ्यात पक्की.

हाच नियम त्यांनी डेटाबेसला लावला. एकदा सातवीतला एक मुलगा छाती काढून आला. नाग दूध पितो, हे त्यानं इंटरनेटवर सात ठिकाणी वाचलं होतं. नानांनी त्याला शेजारी बसवलं आणि सातही पानं उघडून दाखवली. सगळीकडे तोच फोटो, तीच वाक्यं, त्याच क्रमानं. "बठ्ठा एकज घरना शेतस," नाना म्हणाले. सगळे एकाच घरातले. मग डेटाबेसमध्ये सापांचा अभ्यास करणाऱ्यांचे दोन वेगवेगळ्या देशांतले लेख काढले आणि माझ्याकडून वाचून घेतले. माझा डबा तसाच राहिला. वर मला म्हणतात कसे, "तुमचे उच्चार जरा स्पष्ट हवेत, मॅडम." इंग्रजीच्या बाईला.

पण पोरं त्यांच्याकडून चौकशी शिकली, हे कबूल केलंच पाहिजे. कुणी काही सांगितलं की वर्गात मागच्या बाकावरून आवाज यायचा, "दुसरी साक्ष?" मुख्याध्यापकांनी सुट्टी जाहीर केली तेव्हासुद्धा आला होता.

आता केळीच्या भानगडीकडे येते. दरवर्षी जूनमध्ये पाचवीचा वर्ग पहिल्यांदा ग्रंथालयात यायचा तेव्हा नाना एक भाषण करायचे. ते सगळ्या गावाला पाठ होतं. "पोरांनो, तुम्ही कुठं जन्मलात माहीत आहे? साऱ्या जगाला केळी माहीत आहे. पण ती पहिल्यांदा उगवली ती इथं, तापीच्या काठी, आपल्या मातीत. केळी ही आपल्या गावाची लेक. जगभर सासरी गेली, पण माहेर हेच." असं म्हणताना ते खिडकीबाहेरच्या बागांकडे हात करायचे. ग्रंथालयाच्या दारावर चित्रकलेच्या सरांकडून पाटीही रंगवून घेतली होती: 'केळीच्या माहेरी आपले स्वागत'. गावाला ही पाटी फार आवडायची. पाहुणे आले की दाखवायला आणायचे.

नानांच्या निवृत्तीच्या वर्षी जळगावला जिल्ह्याची वक्तृत्व स्पर्धा होती. विषय, माझ्या जिल्ह्याचं पीक. आमच्याकडून प्रांजल निघाली. नववीतली मुलगी, घरच्या केळीच्या बागा, आवाज खणखणीत. भाषणाची सुरुवात अर्थातच नानांच्या माहेरानं. नाना तालीम घ्यायचे आणि तेवढं वाक्य तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायचे. आता ही पोरगी नानांचीच शिष्या. त्या वाक्याला दुसरी साक्ष हवी म्हणून तिनं डेटाबेस उघडला.

मग माझ्याकडे आली. दोन लेख छापून आणले होते. "मॅडम, हे मी बरोबर वाचतेय ना?"

मी वाचलं. माणसानं केळी पहिल्यांदा लावली ती न्यू गिनी नावाच्या बेटावर, हजारो वर्षांपूर्वी, एका दलदलीच्या काठाला. तिथून ती फिरत फिरत इकडे आली. दोन्ही लेख हेच सांगत होते.

"बरोबर वाचते आहेस," मी म्हटलं.

"मग नानांना कोण सांगणार?"

"मी तर नाही, बाई. आमचं आधीच वाकडं."

शेवटी तिनंच सांगितलं. मी कपाटाशी उगाच पुस्तक चाळत उभी होते. नानांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पंच्यानं पुसला, पुन्हा लावला.

"दुसरी साक्ष?"

तिनं दुसरा लेख पुढे ठेवला.

"दोघांचं नातं?"

"काही नाही नाना. एक ऑस्ट्रेलियातला आहे, एक बेल्जियममधला. खालच्या याद्यापण पाहिल्या. एकानं दुसऱ्याकडून घेतलेलं नाही."

नाना तिच्याकडे बघतच राहिले. पोरीनं काम इतकं चोख केलं होतं की त्यांना आनंद लपवता येईना, आणि आपलं काय झालं तेही लपवता येईना. एका चेहऱ्यावर दोन्ही दिसत होतं. मग म्हणाले, "ठीक शे. आता मन्ही बाजू देखू."

आपली बाजू शोधायला ते बसले, आणि त्यांना सापडलीही. इंटरनेटवर आमच्या परिसराची माहिती देणारं एक पान होतं, त्यावर ठळक लिहिलेलं: केळीचं मूळस्थान हेच. नानांनी मला स्टाफरूममधून ओढत नेऊन ते दाखवलं. पण नियम म्हणजे नियम. लिहिणारा कोण? खाली नाव होतं, शोधून फोन लावला. पलीकडून पुण्याहून एक मुलगा बोलला, "नाना, ओळखलं का? तुम्हीच सांगितलं होतं आम्हाला पाचवीत."

नाना म्हणाले, हरकत नाही. एका स्मरणिकेतही हेच छापलं होतं, तिचा लेखक गाठला. तोही आमचाच विद्यार्थी निघाला. गावातल्या चार घरी विचारलं, तर प्रत्येकाच्या पोरानं शाळेतून ऐकून घरी सांगितलेलं. नाना जिथं जातील तिथं त्यांना नानाच भेटत होते. सगळे एकाच घरातले, आणि ते घर त्यांचंच.

शेवटी ते झेंडूआबांकडे गेले. झेंडूआबा गावातले सगळ्यात जुने केळीवाले. मी सोबत होते, कारण नानांचा चेहरा पाहून त्यांना एकटं सोडायला मन घेईना. नानांना ही गोष्ट पहिल्यांदा कुणी सांगितली, ते त्यांना आता पक्कं आठवलं होतं. नवीन नोकरी, चहाची टपरी आणि झेंडूआबा.

आबा ऐकून आधी खोकले, मग हसायला लागले ते थांबेचनात. त्यांच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, केळीची केयी. "अहो मास्तर, तुमी नवे नवे आले होते. केयीले झाड म्हनत होते, तिची सावली शोधत होते. म्हनून म्हटलं मजाकीत, बापा, केयी तं आमच्या या बांधावरच जलमली. तुमी तं खरंच धरलं. मंग आमचा नातू शायेतून तेच शिकून आला, तं मले वाटलं, मास्तरानं पुस्तकात पायलं अशीन. मीबी तेच सांगू लागलो."

शाळेकडे परत येताना नाना माझ्यापुढे चार पावलं चालत होते. शाळेच्या फाटकाशी थांबले. "मॅडम, मी जन्मभर पोरांना सांगितलं, चौकशी केल्याशिवाय सोयरीक करू नका. आणि मी टपरीवरच्या एका साक्षीवर सोयरीक केली. आता माझ्या तोंडचं काय खरं मानतील ही पोरं?"

मी म्हटलं, "नाना, एप्रिलमध्ये तुम्ही निवृत्त होताय. कुणाच्या लक्षात येणार आहे? द्या सोडून." ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी एखादं संदर्भपुस्तक घरी नेऊ का असं विचारलं होतं. चिडून निघून गेले.

सोमवारी परिपाठाला ते माईकसमोर उभे राहिले. सगळी शाळा रांगेत. "केळीबद्दल मी तुम्हाला जे सांगत आलो ते चूक आहे," असं सरळ सुरू केलं, आणि टपरीपासून न्यू गिनीपर्यंत सगळं सांगून टाकलं. कुणी हसलं नाही. पाचवीतली एक चिमुरडी मात्र रडवेली झाली. तिनं विचारलं, "मग नाना, केळी आपली नाही?"

नाना तिच्याकडे वळले. पुढचं त्यांनी ठरवून ठेवलेलं नव्हतं, हे मी खात्रीनं सांगते. मग एकदम अहिराणीत गेले. "आपलीज शे, माय. फक्त ती आपली आंडेर नही, वहू शे." लेक नाही, सून आहे. "लांबच्या बेटावरून आली, कुणी ओळखीचं नव्हतं, तरी इथं रुजली आणि सगळ्या घराला जेवू घालते. मीपण धुळ्याहूनच आलो ना. मला तुम्ही बाहेरचा म्हणता का?" ती मुलगी नाही म्हणाली, आणि सगळी शाळा तिच्यामागून नाही म्हणाली. मीही म्हणाले. भांडण वेगळं आणि हे वेगळं.

प्रांजलनं भाषणाची सुरुवात बदलली. सुनेपासून केली. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांना माहेरच जास्त आवडलं असतं, असं आमच्या स्टाफरूमचं मत पडलं. चित्रकलेच्या सरांनी दारावरच्या पाटीतला एक शब्द खोडून नवा रंगवला. आता तिथं 'केळीच्या सासरी आपले स्वागत' असं आहे, आणि पाहुण्यांना ती अजूनही दाखवतात.

पण नानांचं तेवढ्यानं भागेना. वर्षानुवर्षं शिकून गेलेल्या पोरांचं काय? त्यांना कोण सांगणार? तर नानाच. त्या उन्हाळ्यात त्यांनी एक लग्न सोडलं नाही. स्टेजवर आहेर द्यायला चढायचे, नवऱ्या मुलाच्या कानाशी लागायचे. फोटोग्राफर खोळंबलेला, मागे रांग लागलेली, आणि नाना सांगताहेत, "पाचवीत तुला केळीचं सांगितलं होतं ना, ते दुरुस्त करून घे." गावातल्या निम्म्या लग्नांच्या अल्बममध्ये असा एक फोटो आहे. नवरी गोंधळलेली, नवरा मान हलवतोय.

निवृत्तीनंतर नाना धुळ्याला मुलाकडे गेले. ग्रंथालयात त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली, चांगली आहे. प्रश्न न विचारता आत सोडते. मला फार दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं.

गेल्या दिवाळीत मी नाशिकला बहिणीकडे निघाले होते. गाडी चाळीसगावला थांबली. खिडकीतून बघते तर फलाटावर नाना. बाकावर त्यांच्या सौभाग्यवती, अक्का, पिशव्या सांभाळत बसलेल्या, धुळ्याच्या गाडीची वाट बघत. आणि नानांनी एका काळ्या कोटातल्या तिकीट तपासनिसाचा दंड घट्ट धरून ठेवलेला. आमचाच किरण. दहावीला माझ्या हाताखाली प्रत्येक निबंध दोनदा लिहून गेलेला. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांचं बोलणं कानावर आलं.

"म्हणजे माहेर नाही, सासर?" किरण विचारत होता.

"सासर. न्यू गिनीहून आली."

"पण नाना, हे कुणी सांगितलं?"

"डेटाबेसमध्ये आहे. मी स्वतः पाहिलं."

किरण हसला नाही. कोट नीट केला आणि म्हणाला, "ती एक झाली. दुसरी साक्ष?"

नाना इकडेतिकडे बघू लागले, अक्कांकडे बघून मान हलवली, कारण त्या घरातल्याच. आणि त्यांना मी दिसले.

"त्या मॅडमले विचार," माझ्याकडे बोट करून म्हणाले. "त्यास्नं आन् मन्हं कधी पटनं नही. त्यास्नी साक्ष चालई."

किरण खिडकीशी आला. "नमस्कार मॅडम. नाना म्हणतात ते खरं आहे का?"

"खरं आहे," मी म्हटलं. "दोन्ही लेख मी वाचलेत."

"मग ठीक," म्हणाला तो, आणि वळला. गाडी हलली. मी हात केला, पण नानांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते त्या पोराकडेच बघत होते, आणि इतका खूश चेहरा मी त्यांचा परिपाठाच्या दिवशीही पाहिला नव्हता. मग ते काहीतरी म्हणाले. "हात दाखव" म्हणाले असणार, कारण त्या काळ्या कोटातल्या माणसानं फलाटावर मुकाट्यानं दोन्ही हात पुढे केले. नानांनी खांद्यावरचा पंचा काढून ते पुसले आणि पिशवीतली केळी त्यांवर ठेवली.